मुंबईला जाणाऱ्यांनी अप्पांना भेटून जावे

लातुरातून मुंबईला राहायला निघालेल्या माणसाला मन्मथप्पा आधी चालून दाखवायला लावत. त्यांच्या भांड्यांच्या दुकानापासून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत, फार तर साठ पावलं. अट एकच. वाटेत कुणाकडे बघायचं नाही, कुणाला नमस्कार करायचा नाही, कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण गोलाईच्या, म्हणजे भर बाजारपेठेतल्या, रस्त्यावर साठ पावलं चालायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे लातूरच्या माणसाला श्वास कोंडून विहिरीच्या तळाशी जाऊन येण्याइतकं अवघड.

मी तीनदा नापास झाले. पहिल्या खेपेला वडिलांच्या शाळेतले शिपाई समोरून आले आणि मी हसले. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी विचारलं, "विमल, चाललीस व्हय गं मुंबईला?" आणि मी "हाव" म्हणून बसले. तिसऱ्या खेपेला रस्त्यात कुणीच भेटलं नाही, पण लिंबाखाली एक गाय बसली होती. तिच्या पाठीला हात लावून तो मी सवयीनं कपाळाला लावला.

"फेल!" अप्पा दुकानातून ओरडले. "जनावराला बी न्हाई! मुंबईत जनावराला बी वळख द्यायची न्हाई!"

चौथ्या खेपेला मी पास झाले. त्या नादात समोरून आलेल्या सख्ख्या मावशीला ओळख दिली नाही. मावशीनं ते पुढं दोन वर्षं मनात ठेवलं.

अप्पांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं असेल. अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, धोतर पांढरंशुभ्र, आणि चेहरा कायम असा की आत्ताच कुणीतरी जबरदस्तीनं चिंच खायला घातलीय. दुकानात तांब्यापितळेची भांडी होती. पण गिऱ्हाईक आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. मुंबईला जाणारा माणूस आला की मात्र ते टोपी नीट करून ताठ बसत आणि म्हणत, "बस. मुंबई मला मालूम हाय."

मुंबईत ते एकूण अकरा महिने राहिले होते. दुष्काळाच्या वर्षी गेले आणि पाऊस झाल्यावर परत आले. पण "अकरा महिने" हे शब्द ते असे उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस काळ्या पाण्याची शिक्षा भोगून आलाय. या शिकवणीचं ते काही घेत नसत. उलट चहा तेच पाजत. उदगीर, औसा, निलंगा, कुठून कुठून माणसं येत. एकदा देगलूरचा एक तरुण मास्तर आला. त्या गावच्या रिवाजाप्रमाणे तो एका वाक्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलायचा. अप्पांनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी तुझी एक जबान ठरव, मग तिकीट काढ. मुंबईत तीन जबानीच्या माणसाला चोर म्हनत्यात, न्हाईतर पोलीस." मास्तर गेलाच नाही. देगलुरातच राहिला. पुढं भेटला की म्हणायचा, अप्पांनी वाचवलं. खरं म्हणजे त्याची एक चांगली नोकरी गेली होती.

अप्पांची बायको मुंबईलाच राहते, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि अप्पांसमोर कुणी त्याबद्दल बोलत नसे. फारच आडून कुणी विचारलं तर अप्पा म्हणत, "घरचे तिकडं हायत. तिकडला कारभार बगाया."

"दहा वर्षं कसला कारभार बघती बाई?" माझी आई घरात म्हणायची. "सरळ सांगावं की टाकून गेली."

"ती गेली नाही, तो आला," वडील म्हणायचे आणि विषय संपवायचे. वडील शाळामास्तर होते, व्याकरणात अचूक.

मी सरकारी परीक्षा पास झाले होते आणि मुंबईतल्या एका कचेरीत हजर होण्याचं पत्र आलं होतं. नेमका त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. गावात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. वडिलांना मात्र हळहळ लागली. "थोडं थांबली असतीस तर इथंच कलेक्टर कचेरीत लागली असतीस." ही हळहळ घेऊनच ते मला अप्पांकडे घेऊन गेले होते.

"जिल्हा झाला म्हनून काय झालं, गुर्जी?" अप्पा म्हणाले. "पाटी बदलली. नळाला पानी आलं का? मग?"

मग त्यांनी मला समोर बसवून घेतलं. मुलीला शिकवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्यांनी सगळं दोनदा सांगितलं. "हाव म्हनायचं न्हाई, हो म्हनायचं. कामून म्हनायचं न्हाई, का म्हनायचं. गाव विचारलं तर सोलापूरकडची म्हन. लातूर कुनाला मालूम न्हाई, आन् मालूम नसलेल्या गावचं मानूस म्हंजे येडं, आसं तिथं धरत्यात. कुनाच्या दारात पानी मागू नको. तहान लागली तर घरी येऊन पी, तवर मर. कुनी आपनहून गोड बोललं तर रस्ता बदल. समुद्रावर गेलीस तर त्याच्याकडं पाठ करून बस. ते पानी आपलं न्हाई. जबान सांभाळ. न्हाईतर फजिती व्हती, पोरी, फजिती."

'फजिती' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. दुकानातल्या कुठल्याशा घागरीकडे बघत होते.

मी आज्ञाधारक मुलगी होते. मुंबईला आले आणि तीन महिने अप्पांचा शब्द न् शब्द पाळला. बायकांच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सुलभा नावाची रत्नागिरीकडची मुलगी होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "चल, चहा घेऊ." आपणहून गोड बोललं म्हणून मी तोंड वळवलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्यासाठी घरच्या आंबोळ्या ठेवल्या, मी "नको" म्हणाले. महिन्याभरानं ती दुसऱ्या मुलीला सांगताना मी ऐकलं, "ती मुकी नाहीये, फक्त माजोरडी आहे." कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीकडे तोंड करून डबा खात असे. समुद्रावर एकदा गेले आणि खरोखरच पाठ करून बसले. एक म्हातारे गृहस्थ काळजीनं विचारायला आले, "मुली, घरी सगळं ठीक आहे ना?" मी रस्ता बदलला.

त्या तीन महिन्यांत मी जितकी रडले तितकी पुढं कधी रडले नाही. आणि गंमत म्हणजे, आपण अप्पांच्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होतोय, याचा मला अभिमानही वाटत होता.

ते सगळं एका शब्दानं मोडलं. कचेरीत शंकरराव नावाचे एक वयस्क शिपाई होते. एकदा त्यांनी माझ्या टेबलावरची फाइल उचलली आणि "का नेताय?" म्हणायचं सोडून मी पटकन म्हणाले, "कामून नेऊलालाव?"

शंकरराव थांबले. "बाई, गाव कोनतं तुमचं?"

"सोलापूरकडची."

"सोलापूरवाले कामून म्हनत न्हाईत," ते म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. "मी धर्माबादचा. नांदेड जिल्हा. आता खरं सांगा."

मी खरं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. शंकररावांना वाटलं मला भूक लागलीय. एका अर्थी ते बरोबर होतं. त्या संध्याकाळी ते मला गोदीजवळच्या एका गल्लीत घेऊन गेले. चाळीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर एक खोली होती. दारात चपलांचा ढीग, आत गोदीत ओझी वाहणाऱ्या माणसांची पंगत. चुलीपुढं एक ठसठशीत बाई दोन्ही हातांवर ज्वारीची भाकरी थापत होती. भाकरी भाजल्याचा वास आला आणि माझे पाय दारातच थांबले.

"नंदाक्का," शंकरराव म्हणाले, "ही पोर लातूरची हाय."

तिनं मान वर केली. "लातुरात कुठली गं?"

"गोलाईच्या मागं. गुरुजींची मुलगी."

तिनं परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. बराच वेळ मळलं. मग म्हणाली, "गोलाईत एक भांड्याचं दुकान हाय. चालू हाय का?"

मला तेव्हा कळलं मी कुणापुढं उभी आहे. मी हो म्हणाले.

"हो म्हनू नको. हाव म्हन." ती म्हणाली. "तुला बी चालवलं व्हय लिंबापतोर?"

अप्पांनी शिकवून पाठवलेली माणसं एक ना एक दिवस भाकरीच्या वासानं तिच्याच दारात येत असत. त्यामुळे अप्पांचे सगळे नियम तिला पाठ होते. त्या दिवसापासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाऊ लागले. पंगती उठल्या की ती मला घेऊन बसायची आणि एकेक नियम कुठून आला ते सांगायची. ती अप्पांना 'तुमचे अप्पा' म्हणायची. राग आला की एकेरीवर यायची.

"पानी मागू नको म्हनाले ना? पहिल्याच आठवड्यात तुमचे अप्पा तहान लागली म्हनून कुनाच्या तरी दुसऱ्या माळ्यावर गेले. आपल्यात कसं, कुनाचं बी दार वाजवावं आन् तांब्याभर पानी मागावं. त्या बाईनं आरडावरडा केला. चाळभर मानसं गोळा. चोर म्हनून धरलं. माझ्या भावानं जाऊन सोडवलं. आन् वळख देऊ नको, हे कशातनं आलं, सांगू? रस्त्यानं जाईल त्याला हा हात जोडायचा. कपाळाला विभूती, आंगात जुनं धोतर. येका शेटनं थांबून हातावर चार आने ठेवले."

मी हसले. ती हसली नाही.

"घरी आला, ते चार आने चुलीपाशी ठेवले आन् भिताडाकडं तोंड करून निजला. दोन दिवस जेवला न्हाई. लातुरात मोठमोठ्या घरची मानसं त्याला दुकानात येऊन अप्पा म्हनायची. हितं येका दुकानात कामाला लागला, तर तिथली पोरं त्याच्या बोलन्याची नक्कल करायची. नावच पाडलं, हाव-हाव."

मुंबईला ते आले कसे, हेही तिनंच सांगितलं. दुष्काळात खेड्यापाड्याच्या बायका घागरी, हंडे, पराती मोडीत घालायला अप्पांच्या दुकानात आणत. लग्नातली भांडी, त्यांवर नावं घातलेली. अप्पा भांडी ठेवून घेत, पैसे देत, पण मोडीला पाठवत नसत. "पाऊस पडला की न्यायला येतील," म्हणत. हळूहळू दुकान भरलं, मग घर भरलं.

"घेतलेलं इकायचं न्हाई, मग दुकान चालंल कशावर?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बायकांची भांडी यानं जिवापाड सांभाळली. आन् त्या सगळ्या हंड्या-घागरींत मिळून तांब्याभर पानी नव्हतं. मी उन्हात दीड कोस चालायची येका घागरीला. येकदा तरी म्हनला का, दे इकडं, मी आनतो? दुकानदार मानूस, डोईवर घागर कशी घ्यायची!"

मुंबईत तिच्या भावाची ही खोली होती. सकाळ-संध्याकाळ दाराजवळ नळ यायचा. पहिले काही दिवस ती त्या नळाची धार नुसती बघत उभी राहायची, म्हणून शेजारणी हसायच्या. भावाच्या सोबतच्या माणसांसाठी तिनं चार भाकरी जास्त थापल्या, मग चाळीस, मग शंभर. भाऊ पुढं गावी निघून गेला. खोली आणि खानावळ हिच्याकडे राहिली.

"अकराव्या म्हैन्यात पाऊस झाल्याचं पत्र आलं. हा म्हनला, चल. मी म्हनले, थांब. हा म्हनला, मी उद्या निगतो. मी म्हनले, नीग. तो निगाला."

"मग?"

"मग काय? दहा वर्षं झाली."

त्या संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं, की मी अक्कांकडे जेवते. त्यांनी हातातला तांब्या पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. रस्त्यावर नव्या कलेक्टरांची जीप धुरळा उडवत गेली. अप्पांनी तिकडे बघितलं.

"तिला सांग, जिल्हा झालाय."

"एवढंच?"

"येवढंच. शानी हाय ती. समजंल."

मी निरोप पोचवला. नंदाक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग? मी काय कलेक्टर व्हायला येऊ?" आणि थोड्या वेळानं, "दहा वर्षांत येक पत्तर न्हाई, आन् आता सरकारी हुकूम धाडलाय. बोलायचं आसंल तर हितं येऊन तोंडानं बोल म्हनावं."

मी कार्ड टाकलं. त्यात एवढंच लिहिलं, 'अक्का म्हणतात, समक्ष या.' पंधरा दिवसांत अप्पा आले.

एस.टी.तून उतरले तेव्हा त्यांच्या हातात भली मोठी पिशवी होती. उतरल्या उतरल्या त्यांनी ड्रायव्हरला, हमालाला आणि तिथं भांडणाऱ्या दोन माणसांना हात जोडले. वाटेत मला म्हणाले, "काय बदललं न्हाई. मुंबई मला मालूम हाय." आणि चुकीच्या गल्लीत वळले.

नंदाक्का दारातच होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दहा वर्षांत दोघांचेही केस पांढरे झाले होते.

"पाव्हन्याला पाय धुवायला पानी दे," ती मला म्हणाली.

पंगती उठल्यावर तिनं त्यांना वाढलं. भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी. ते खाली मान घालून जेवले. तिसरी भाकरी झाल्यावर बोलले.

"जिल्हा झालाय."

"ऐकलं."

"कलेक्टर आलाय. मोठा दवाखाना व्हनार म्हनत्यात. रस्ते रुंद करनार हायत. नळ बी आता…" ते थांबले.

"नळाचं काय?"

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "आठ दिवसाला येतंय," ते म्हणाले.

नंदाक्का हसली. मोठ्यानं, पदर तोंडाला लावून. अप्पाही जरासे हसले. "ऱ्हावा चार दिस," ती म्हणाली. "बगा जमतंय का."

आणि अप्पा राहिले. मी रोज कचेरी सुटल्यावर जाऊन बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी कांदे सोलले. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या हातात पाण्याचा जग दिला आणि ते पंगतीतून फिरू लागले. "ए मामा, पानी," असं कुणी म्हणालं की त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची, पण ते वाकून पाणी घालायचे. मी नंदाक्कांकडे बघितलं. ती भाकरी थापता थापता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होती. त्या दिवशी तिच्या भाकरी जरा वाकड्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी पंगतीत कंधारकडचा एक तरुण बसला होता. अप्पा त्याच्या पेल्यात पाणी ओतायला वाकले आणि तो एकदम ओरडला, "अप्पा? तुम्ही?" सगळे वळून बघू लागले. "अरे, हे आमचे गुरू! यांनीच मला लातुरात रस्त्यावर चालायला शिकवलं! अप्पा, तुम्ही हितं पानी वाढूलालाव?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच आनंद झाला होता. पण पंगत हसली. वीस-पंचवीस माणसं एकदम हसली.

"गप गिळा!" नंदाक्का चुलीपासून कडाडली. पंगत गप्प झाली. अप्पांनी शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना पाणी घातलं, रिकामा जग कोपऱ्यात ठेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. ती भरायला मी मदत केली, तेव्हा दिसलं की त्यांनी सहा धोतरं आणली होती, पूजेचं सगळं साहित्य आणलं होतं, हिवाळ्यातली बंडीसुद्धा आणली होती. चार दिवसांसाठी माणूस इतकं घेऊन येत नाही. नंदाक्कांनीही ते बघितलं. ती 'थांबा' म्हणाली नाही. ते 'चल' म्हणाले नाहीत. तिनं फडक्यात भाकरी बांधल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या.

"पोचल्यावर हिला कार्ड टाका," ती माझ्याकडे हात करून म्हणाली.

एस.टी. सुटायला वेळ होता. अप्पा खिडकीशी बसले होते, मी खाली उभी होते. मला वाटलं आता ते मुंबईला शिव्या देतील. ते म्हणाले, "पोरी, तिची खाट ज्या भिताडाला हाय ना, ते वलं हाय. पलीकडं मोरी हाय. मी हात लावून बगितलं. सकाळी ती खोकती ते त्यानंच. खाट दुसऱ्या आंगाला घ्यायला पायजे, चुलीच्या बाजूला."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना, अप्पा."

"मी सांगितलं तर ती हलवंल व्हय?" ते म्हणाले. "तू सांग. तुझ्या मनचं म्हनून सांग. माझं नाव घ्यायचं न्हाई. शप्पथ हाय."

पुढच्या रविवारी मी जेवून उठताना सहज बोलल्यासारखं बोलले, "अक्का, ही भिंत ओली आहे. खाट चुलीच्या बाजूला घेऊ या का?"

नंदाक्का भाकरी भाजत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. "इतके म्हैने झाले, दर रविवारी हितं येतीस. आजच कसं दिसलं गं तुला भिताड?"

मी माझं ताट उचललं.

"चार दिस हितं होता," ती म्हणाली. "चार दिस! येकदा तोंड उघडून मला म्हनला आसता…" तव्यावरची भाकरी काळी पडत गेली. दहा वर्षांत तिच्या हातून भाकरी करपली नसेल. मी चिमट्यानं ती उचलून खाली ठेवली. मग नंदाक्का उठली, पदर खोचला आणि खाटेपाशी गेली.

"धर ते पायाकडून," ती म्हणाली. आम्ही दोघींनी खाट ओढत चुलीच्या बाजूला नेली. जड लोखंडी खाट होती. जमिनीवर दोन लांब चरे उठले. "आन् त्याला काय सांगू नको," ती धापा टाकत म्हणाली. "कुनाच्या सांगन्यावरनं हलवली ते मला समजलं, हे त्याला समजायला नको. तुला माझी शप्पथ हाय."

मे महिन्यात मी लातूरला गेले. अप्पांच्या दुकानात उदगीरचा कुणी मुंबईला निघालेला माणूस बसला होता. मला बघून अप्पांनी त्याला लिंबाकडे पिटाळलं. वडिलांची खुशाली विचारली, माझ्या नोकरीचं विचारलं, मुंबईला पावसाची चिन्हं आहेत का विचारलं. मग गल्ल्यावरची धूळ हातानं झटकत, खाली बघत म्हणाले, "ती खाट?"

"हलवली, अप्पा. चुलीच्या बाजूला."

"माझं नाव घेतलं न्हवतंस न्हवं?"

"नाही, अप्पा."

"ब्येस केलंस," ते म्हणाले. "नाव घेतलं आसतंस, तर तिनं खाटेला हात लावू दिला नसता." आणि या बाईला आपण किती बरोबर ओळखतो, या समाधानानं ते हसले.